मराठीतील ऐतिहासिक व्यक्तिसंकेत

इतिहासातील, पुराणांतील अथवा प्रसिद्ध कथांतील व्यक्तीच्या नावाने एखादा गुण, दोष, प्रसंग वा मनोवृत्ती सूचित करण्याची भाषिक रूढी. अशा वापरात नाव हे त्या एका व्यक्तीपुरते उरत नाही, ते एका प्रकाराचे वाचक बनते. एखाद्यास ‘कर्ण’ म्हटले, की दातृत्वाचा बोध होतो. ‘कळीचा नारद’ म्हटले, की भांडणे लावणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. विशेषनामाचा सामान्यनामासारखा उपयोग म्हणून व्याकरणात या रूढीची नोंद घेतली जाते. परंतु तिचे महत्त्व व्याकरणापुरते मर्यादित नाही. भाषिक समाजाने आपला भूतकाळ कोणत्या रूपात लक्षात ठेवला आणि त्यातील कोणास कोणता न्याय दिला, याचा तो एक संक्षिप्त दप्तरखानाच असतो.

रूपे : मराठीत हे संकेत मुख्यतः चार रूपांत आढळतात. पहिल्यात नाव जसेच्या तसे येते, उदा., शकुनी, दुर्वास, बकासुर, सूर्याजी पिसाळ. दुसऱ्यात नावाला प्रत्यय किंवा दुसरे पद जोडून भाववाचक अथवा विशेषणात्मक शब्द तयार होतो, उदा., नादिरशाही, तुघलकी, भीष्मप्रतिज्ञा, भगीरथ प्रयत्न, कुंभकर्णी झोप, रामशास्त्री बाणा. तिसऱ्यात व्यक्तीशी निगडित वस्तू पुढे येते, उदा., सुदाम्याचे पोहे, द्रौपदीची थाळी. चौथ्यात संपूर्ण प्रसंग क्रियापदात सामावतो, उदा., पानिपत होणे, ध चा मा करणे, अटकेपार झेंडा लावणे. या चौथ्या प्रकारात व्यक्तीचे नाव उच्चारलेही जात नाही, ते ऐकणाऱ्याने मनात भरावयाचे असते. म्हणूनच या संकेतांचे सामर्थ्य बोलणाराइतकेच ऐकणाऱ्याच्या बहुश्रुततेवर अवलंबून असते.

तौलनिक दृष्टी : ही रूढी बहुतेक प्रगत भाषांत आढळते, परंतु संकेत स्वभाषेच्या इतिहासातून घेतले की परक्या संस्कृतीतून, याबाबत भाषाभाषांत फरक पडतो. व्हिएटनामी भाषेचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. इ. स. पू. १११ पासून इ. स. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे सु. एक हजार वर्षे, व्हिएटनामचा उत्तर भाग चिनी सत्तेखाली होता. ती सत्ता गेल्यावरही चिनी अभिजात ग्रंथांवर आधारलेल्या राजसेवा-परीक्षा तेथे १९१९ पर्यंत चालू होत्या. परिणामी चिनी सेनानी, राजे व सुंदरी व्हिएटनामी बोलण्यात घरच्यासारख्या वावरू लागल्या. चीनमधील तीन राज्यांच्या काळातील सेनानी त्साव त्साव (मृत्यू २२०) हा तेथे संशयी मनुष्याचे प्रतीक झाला. ज्याचे नाव काढावे तोच समोर उभा राहिला, तर त्साव त्सावचेच नाव घेतले जाते. आणि अतिसाराने बेजार झालेल्या माणसाच्या पाठीस तो लागला, असेही विनोदाने म्हटले जाते. त्याच काळातील जांग फेई हा तापटपणाचे प्रतीक ठरला. न्ग्विएन झू (मृत्यू १८२०) या कवीने एका चिनी कादंबरीच्या आधारे रचलेल्या त्रुयेन किएउ या काव्यातील सो खान हे पात्र स्त्रियांना फसविणाऱ्या पुरुषाचे, तर होआन थू हे पात्र मत्सरी पत्नीचे वाचक झाले. दरबाराची व विद्येची भाषा परकी असली, की तिच्यातील माणसेही भाषेत स्थायिक होतात, हे यावरून दिसते. मराठीतही असे घडले; मात्र मराठीत एकच नव्हे, तर संस्कृत पुराणे, फार्सी-अरबी परंपरा, मराठ्यांचा स्वतःचा इतिहास आणि इंग्रजी विद्या असे चार थर एकावर एक साचले आहेत.

पौराणिक थर : हा थर सर्वांत जुना व सर्वांत खोल आहे. तो प्रत्यक्ष संस्कृत ग्रंथांतून फारसा आला नाही, तर मराठी आख्यानकाव्ये, कीर्तने, पुराणकथन व लोकनाट्ये यांतून आला. नरेंद्र या महानुभाव कवीचे रुक्मिणीस्वयंवर (सु. १२९२), एकनाथांचे त्याच विषयावरील काव्य (१५७१), श्रीधराचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२), तसेच मोरोपंतांचे आर्याभारत या ग्रंथांनी रामायण-महाभारतातील पात्रे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचविली. श्रीधराचे ग्रंथ चातुर्मासात गावोगावी वाचले जात. त्यामुळे संतापी माणसास जमदग्नी, अधांतरी लोंबकळणाऱ्यास त्रिशंकू, अंगावर दागिना नसलेल्या स्त्रीस लंकेची पार्वती म्हणण्यासाठी शिक्षणाची गरज उरली नाही. विद्वान व शेतकरी यांना समान असलेले संकेतभांडार या थराने निर्माण केले. व्हिएटनामी भाषेतील चिनी संकेतांपैकी बरेचसे दीर्घकाळ सुशिक्षितांची मिरास राहिले. मराठीतील पौराणिक संकेत मात्र प्रारंभापासूनच सर्वांचे होते.

विदर्भ व वर्धा परिसर : पुराणातील व्यक्ती जेथे भूमीशी जोडल्या जातात, तेथे संकेत अधिक दृढ होतो. विदर्भात याची ठळक उदाहरणे मिळतात. दमयंती व रुक्मिणी या विदर्भराजांच्या कन्या. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडिण्यपूर हे वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्यात आहे. वर्धा म्हणजेच प्राचीन वरदा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र या नाटकात विदर्भाचे दोन भाऊबंदांत विभाजन होते, तेव्हा हीच नदी सीमा ठरते. वर्धा जिल्ह्यातील केळझर (ता. सेलू) हे गाव स्थानिक परंपरेनुसार महाभारतातील एकचक्रानगरी होय. भीमाने बकासुराचा वध येथेच केला, अशी समजूत असून त्याची जागाही दाखविली जाते. जळगाव जिल्ह्यातील एरंडोलही हाच मान सांगते व महाराष्ट्राबाहेरही एकचक्रा म्हणविणारी स्थळे आहेत. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे नाव कीचकदरा यावरून आले, असे लोक मानतात. भीमाने कीचकाला मारून याच दरीत टाकले, अशी कथा आहे. या स्थाननिश्चितींना ऐतिहासिक पुरावा नाही. मात्र खादाड माणसास बकासुर म्हणणाऱ्या केळझर परिसरातील माणसाला तो राक्षस शेजारच्या माळावरचा वाटतो, ही भाषेच्या दृष्टीने खरी घटना होय.

याच जिल्ह्यातील गिरड (ता. समुद्रपूर) येथे टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. पंजाबातील पाकपट्टण येथे तेराव्या शतकात समाधिस्थ झालेल्या या सूफी संताची कथा तेथील दगडांशी जोडलेली आहे. फकिराचा उपहास करणाऱ्या वणजाऱ्याचा माल दगड झाला, असे सांगतात. सुपारी-जायफळासारखे दिसणारे हे दगड भूशास्त्रदृष्ट्या खडकांतील पोकळ्यांत तयार झालेली खनिजे आहेत. मराठीतील दुसरा, म्हणजे इस्लामी परंपरेचा थर केवळ दरबारातून नव्हे, तर अशा श्रद्धास्थानांच्या वाटेनेही खेड्यांत झिरपला, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. या दर्ग्यास हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांतील भाविक जातात.

फार्सी-अरबी थर : चौदाव्या शतकापासून दख्खनमध्ये फार्सी ही राज्यकारभाराची भाषा झाली. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले व पुढे आदिलशाही, निजामशाही इ. सत्तांनी तीच परंपरा चालविली. मराठी पत्रव्यवहारात फार्सी शब्दांचे प्रमाण इतके वाढले, की शिवाजी महाराजांच्या काळी संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंडिताकडून तयार करविण्यात आला. कोशाने पदांची व वस्तूंची नावे बदलता आली. बोलण्यात रुळलेल्या व्यक्ती मात्र बदलल्या नाहीत. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो हा अरबीत अफलातून झाला व त्या रूपाने मराठीत येऊन ‘विलक्षण, अद्‌भुत’ या अर्थाचे विशेषण बनला. हा शब्द वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो तत्त्ववेत्त्याचे नाव आहे, हे ठाऊक नसते. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर सिकंदर होऊन ‘नशीब सिकंदर’ या प्रयोगात स्थिरावला. फिर्दौसीच्या शाहनाम्यातील रुस्तुम हा बलाचे प्रतीक झाला. रुस्तुमजमान हा किताब धारण करणाऱ्या आदिलशाही सरदाराचा शिवाजी महाराजांनी डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरजवळ पराभव केला. पुढे मल्लविद्येतही रुस्तुमाचे नाव किताबात चालू राहिले. सहाव्या शतकातील अरब कवी हातिम ताई याचे औदार्य फार्सी-उर्दू कथांतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या अरबी कथांच्या भाषांतराने अलिबाबाची गुहा मराठीत आणली. इतकेच नव्हे, तर त्याच्या शीर्षकातील ‘सुरस व चमत्कारिक’ ही शब्दयोजनाही बोलीत रूढ झाली.

याच थरात सत्ताधीशांची नावे दुष्कीर्तीसह आली. १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल व लूट करणाऱ्या इराणच्या नादिरशहावरून नादिरशाही, तर राजधानी देवगिरीस नेणाऱ्या मुहंमद तुघलकावरून (कार. १३२५–५१) तुघलकी हे शब्द प्रचारात आले. ‘मोगलाई लागून गेली काय?’ या प्रश्नात तर एक संपूर्ण राजवट अंदाधुंदीचा पर्याय झाली आहे.

मराठेशाहीचा थर : मराठीचे वेगळेपण या थरात विशेष दिसते. सतराव्या व अठराव्या शतकांतील घटना बखरी, पोवाडे व ऐतिहासिक कादंबऱ्या-नाटके यांच्याद्वारे वाक्संप्रदायांत उतरल्या. १६६६ मधील आग्र्याहून सुटका हा प्रसंग अवघड पेचातून निसटण्याचा, १६७० मधील तानाजी मालुसऱ्यांचे बलिदान हे यशासाठी द्यावयाच्या जबर किंमतीचा, तर १७५८ मध्ये राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजांनी गाठलेले अटक हे अपूर्व पराक्रमाचा वाचक झाले. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताने संपूर्ण पराभवास नाव दिले. तेथे विश्वासराव पडल्यामुळे ‘विश्वास पानिपतात गेला’ हा श्लेष निघाला. न्यायनिष्ठेसाठी रामशास्त्री प्रभुणे, मिजाशीसाठी बाजीराव (‘मोठा बाजीराव लागून गेलास!’), अनेकांच्या हाती असलेल्या कारभारासाठी बारभाई ही नावे रूढ झाली. सखारामबापू बोकील, निजामाकडील विठ्ठल सुंदर, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे व अर्धे गणले गेलेले नाना फडणवीस हे ‘साडेतीन शहाणे’ होत. पुणे, हैदराबाद व नागपूर या तीन दरबारांतील मुत्सद्द्यांना एका माळेत ओवणारा हा संकेत लोकबुद्धीच्या व्यापक दृष्टीचा निदर्शक आहे.

इंग्रजी थर : इंग्रजी अंमलात गव्हर्नर-जनरलवरून लाटसाहेब आला, पाठोपाठ शालेय शिक्षणातून नेपोलियन, शेक्सपिअर इ. नावे आली. या काळात गौरवासाठी तुलना करण्याची पद्धत विशेष वाढली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांना मराठीचे पाणिनी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मराठी भाषेचे शिवाजी व जोतीराव फुले यांना महाराष्ट्राचे मार्टिन ल्यूथर म्हणण्यात आले. या तीन बिरुदांत तीन निरनिराळे थर एकाच पिढीने वापरलेले दिसतात. विसाव्या शतकात हिटलरशाही हा शब्द नादिरशाहीच्या शेजारी येऊन बसला. १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगावी (१९४० पासून सेवाग्राम) वास्तव्यास आलेल्या महात्मा गांधींचे नाव टोपीपासून तीन माकडांपर्यंत अनेक संकेतांत शिरले. ही माकडे मुळात जपानी परंपरेतील असून निक्को येथील सतराव्या शतकातील तोशोगू या पवित्र वास्तूत ती कोरलेली आहेत. मराठी माणसास मात्र ती गांधीजींचीच माकडे म्हणून ठाऊक आहेत.

राजकीय उपयोग : उघड बोलणे धोक्याचे असते, तेव्हा संकेत हे शस्त्र बनते. काळ (१८९८) या पत्राचे संपादक शि. म. परांजपे यांनी पुराणेतिहासातील दाखले वक्रोक्तीने वापरून परकीय सत्तेवर प्रहार केले; १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकात विराटाच्या दरबारातील कथा होती; परंतु प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत परतंत्र देश, धर्मराजात मवाळ व भीमात जहाल पक्ष पाहिला. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. कर्झनचे नाव नाटकात कोठेही नव्हते. जे प्रेक्षकांच्या मनात पूर्वीपासून होते, त्यावर बंदी घालण्याचा हा प्रयत्न होता आणि संकेतांच्या सामर्थ्याची याहून मोठी कबुली सरकारकडून मिळणे शक्य नव्हते.

न्याय व अन्याय : संकेत संक्षिप्त असतो आणि संक्षेपात निकाल असतो, पुरावा नसतो. त्यामुळे इतिहाससंशोधनाने बदललेले मत भाषेत सहजी उतरत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशवे नारायणराव यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले. तथापि भाषेने लक्षात ठेवला, तो आनंदीबाईंनी ‘धरावे’ मधील ध चा मा केल्याचा आरोप. हे कृत्य त्यांनी केल्याचे निर्णायक पुराव्याने सिद्ध झालेले नाही; तरीही कागदपत्रात फेरफार करणारा प्रत्येक जण आजही ध चा मा करतो. दोष ठरलेल्या पतीचे नाव अटकेच्या झेंड्याशी आणि दोष सिद्ध न झालेल्या पत्नीचे नाव खुनाशी जोडले गेले, ही विसंगती लक्षणीय आहे. मंथरा, कैकेयी, शूर्पणखा या नावांसह पाहता, कारस्थानाचे संकेत स्त्रियांच्या वाट्यास अधिक आले, असे म्हणावे लागते.

कवी कलश यांचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. छत्रपती संभाजी महाराजांचे हे सल्लागार बखरींतून ‘कलुषा’ झाले आणि कुटिल सल्लागाराचे नाव म्हणून नाटक-कादंबऱ्यांत स्थिरावले. यास आधारभूत ठरलेली मल्हार रामराव चिटणीस यांची बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तिचा कर्ता ज्या घराण्यातील होता, त्याचे मूळ पुरुष बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांच्या संभाजीचरित्राने (१९६०) समकालीन साधनांच्या आधारे हे चित्र पालटले. कवी कलश यांनी मार्च १६८९ मध्ये आपल्या स्वामीबरोबरच मरण पतकरले, ही वस्तुस्थिती कलुषा या शब्दात कोठेच नाही. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला, त्या संदर्भात फितुरीचे प्रतीक ठरलेल्या सूर्याजी पिसाळांबाबतही संशोधकांत मतभेद आहेत. गौरवाचे संकेतही याच कसोटीस लावावे लागतात : कोंढाण्याचे सिंहगड हे नाव तानाजींच्या बलिदानामुळे पडले, असा समज आहे, पण ते नाव १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते.

पुनर्मूल्यांकन : संकेतांचा अर्थ बदलण्याचे जाणीवपूर्वक प्रयत्नही झाले. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात वामनाने पाताळात घातलेला बळी हा प्रजाहितदक्ष राजा ठरविला. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ या लोकवचनात शेतकरी समाजाने ही स्मृती जपलीच होती. फुल्यांनी तिला विचाराचे अधिष्ठान दिले. एकलव्य व शंबूक ही नावे दलित चळवळीच्या भाषेत नाकारलेल्या विद्येची व न्यायाची वाचक झाली. दुर्गा भागवत यांचे व्यासपर्व (१९६२), इरावती कर्वे यांचे युगान्त (१९६७) आणि शिवाजी सावंत यांची मृत्युंजय (१९६७) ही कादंबरी यांनी महाभारतातील व्यक्तींकडे ठराविक गुणदोषांपलीकडे पाहण्यास शिकविले. दातृत्वापुरता उरलेला कर्ण मृत्युंजयनंतर जन्मामुळे डावलल्या गेलेल्या माणसाचाही वाचक झाला. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल या नाटकाने १७९१ मध्ये पुण्यात जमावाने ठार केलेल्या कोतवालाचे नाव वेगळ्या अर्थाने पुढे आणले : जुलमी अधिकाऱ्याबरोबर त्याला निर्माण करणाऱ्या सत्तेकडेही ते बोट दाखवू लागले.

कोश व परंपरेचे भवितव्य : संकेतामागील कथा विस्मरणात गेली, की शब्द उरतो व त्याचा आधार नाहीसा होतो. व्हिएटनाममध्ये परीक्षापद्धती संपली व रोमन लिपी रूढ झाली, त्यानंतर जुनी काव्ये टीपांवाचून समजणे सामान्य वाचकास कठीण झाले. मराठीत ही अडचण ओळखून विसाव्या शतकात महत्त्वाचे कोशकार्य झाले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी १९४० नंतरच्या दशकात महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश प्रकाशित केला. कीर्तन व पुराणकथनाची जागा मुद्रित पुस्तकाने, पुढे चित्रपट व दूरचित्रवाणीने घेतली, तसे संकेतांचे मार्गही बदलले. २००६ मधील एका हिंदी चित्रपटामुळे गांधीगिरी हा शब्द मराठीतही रूढ झाला, तो याच प्रक्रियेचा भाग होय.

व्यक्तिसंकेत टिकविणे म्हणजे त्यांतील निकाल जसेच्या तसे स्वीकारणे नव्हे. अफलातून म्हणताना ग्रीक तत्त्ववेत्ता आठवणे, पानिपत म्हणताना त्या रणांगणाचा इतिहास ठाऊक असणे आणि ध चा मा म्हणताना तो आरोप असिद्ध आहे याचे भान राखणे, हे सुशिक्षित भाषकाकडून अपेक्षित आहे. शब्दामागील माणूस ज्ञात असला, तरच त्या शब्दाचा वापर अर्थपूर्ण ठरतो आणि प्रसंगी तो नाकारण्याचा अधिकारही प्राप्त होतो.